आतून कडी

माझी नोकरी काय होती हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "अच्छा, म्हणजे ब्रेल शिकवायचात!" नाही हो. ब्रेल शिकवणारे वेगळे, काठी घेऊन रस्त्यावर चालायला शिकवणारे वेगळे. मी घरात शिकवायचे. दात घासणं, अंघोळ, वेणीफणी, नखं, साडी नेसणं, संडासला जाऊन स्वच्छ होऊन येणं. इथवर आलं की समोरचा माणूस चहाचा कप उचलतो. 'हे काय शिकवायचं?' असं त्याच्या मनात येतं, ते मला इतक्या वर्षांनी न बोलता ऐकू येतं.

जन्मापासून ज्याला दिसत नाही, त्याला हे सगळं त्याची आई शिकवते. आमची संस्था मला पाठवायची ती दुसऱ्या माणसांकडे. आयुष्य अर्धंअधिक डोळ्यांनी काढलेलं, आणि मग साखरेने किंवा काचबिंदूने नजर नेलेली. ठाण्यापासून पार खडवलीपर्यंत अशी घरं मी धुंडाळली आहेत. त्यांना सांगायचं, ब्रशवर पेस्ट लावायच्या नादी लागू नका, ती बेसिनमध्येच पडणार. सरळ बोटावर घ्या आणि तोंडात घाला, कोण बघायला बसलंय? नखं कापू नका, घासा. कुंकू लावायचं तर मधलं बोट नाकाच्या शेंड्यावर टेकवा आणि सरळ वर न्या, भुवयांच्या मधोमध बरोबर जातं. बाटलीतलं काहीही थेट अंगाला, डोक्याला लावायचं नाही, आधी तळहातावर घ्यायचं, दोन बोटांनी चोळून बघायचं. आणि मलमाच्या ट्यूबा पेस्टशेजारी ठेवू नका. मूळव्याधीच्या मलमाने दात घासलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. ते स्वतः ही गोष्ट हसून सांगायचे. त्यांच्या बायकोला मात्र कधी हसू आलं नाही.

या सगळ्या युक्त्या आहेत, चार दिवसांत शिकून होतात. वेळ लागतो तो भीतीला. खोपटच्या डेपोतून निवृत्त झालेले एक एसटी ड्रायव्हर होते. भर पावसाळ्यात घाटातून गाडी काढलेला माणूस, पण गालावर ब्लेड लागेल म्हणून दाढी छातीपर्यंत वाढवून बसलेला. विठ्ठलवाडीला एक कॉलेजची मुलगी होती. महिन्यातले ते दिवस आले की ती घराबाहेर पाऊल टाकायची नाही. "मॅडम, डाग पडला तर सगळे बघतील, आणि मला कोणी सांगणार पण नाही," म्हणायची. सांगा, यावर काय युक्ती? युक्ती असते, मी शिकवलीही. पण ती पहिल्यांदा बाहेर पडून परत येईपर्यंत तिच्या आईचा आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी म्हटल्यावर मात्र मला एकच घर आठवलं. कारण तेव्हा घाबरले तशी मी उभ्या जन्मात घाबरले नाही.

डोंबिवली पूर्वेला, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर विमलकाकू राहायच्या. वय पासष्टच्या पुढे, माहेर-सासर दोन्ही कोकणातलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. साखरेने आधी एक डोळा गेला, मग दुसरा. घरात मुलगा नितीन आणि सून श्वेता, दोघं नोकरीवाले. पहिल्या दिवशी नितीननेच सगळं बोलून घेतलं. "मॅडम, आईला जरा बिझी ठेवा. टीव्ही ऐकून ऐकून कंटाळलीय ती. साडीबिडी, केसबिस, काय ते शिकवा."

काकू खुर्चीत हात बांधून बसल्या होत्या. नितीन दूध आणायला खाली उतरला, त्याच्या चपलांचा आवाज जिन्यात विरला, तशी त्यांनी चाचपत माझं मनगट पकडलं. पकड अशी की बांगडी रुतली.

"बाई, मला बाकी काही नको. मला आतून कडी लावून अंघोळ करायचीय."

मी उठून न्हाणीघराचं दार बघितलं. कडी नव्हतीच. जिथे होती तिथे स्क्रूची भोकं उरली होती आणि फळी जरा चिरलेली होती.

मग त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी अंघोळ करताना साखर एकदम उतरली, चक्कर आली, त्या पडल्या. कडी आतून. नितीनने दार तोडून आत येऊन त्यांना उचललं.

"अंगावर सूत नव्हतं हो माझ्या," काकू म्हणाल्या. "पोराने जीव वाचवला, नाही कशाला म्हणू? पण त्या दिवसापासून तो माझ्याकडे बघत नाही. मला दिसत नाही, पण कळतं. बोलतो तेव्हा त्याचा आवाज भिंतीकडे जातो."

तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत श्वेता त्यांना अंघोळ घालायची, दार उघडं ठेवून. "श्वेता गुणाची आहे. पण तिला गाडी पकडायची असते. भांडं घासावं तसं घासते नि पालथं घालते. मी भांडं झालेय बाई."

मी नितीनला जिन्यात गाठलं आणि कडीचं बोलले. "कडी सोडून काय हवं ते शिकवा, मॅडम. तुम्ही नव्हता त्या दिवशी. मी शूज घालून निघालेलो. पाण्याचा आवाज थांबेना म्हणून हाक मारली. एक हाक, दोन हाका... अजून कुठे नळ वाहताना ऐकला की मी उठून तो बंद करून येतो. हसाल तुम्ही, पण ऑफिसात पण उठतो."

मी कशाला हसेन? दुधाने तोंड पोळलेला माणूस तो. आणि खरं सांगू का, त्याच्याइतकीच मी घाबरले होते. शिकवणाऱ्याची भीती कोणी विचारात घेत नाही. शिकणारा पडला तर तो माझ्या शब्दावर पडतो. मी घरी जाऊन जेवते, झोपते, आणि त्याचं हाड मोडलेलं असतं. म्हणून मी काकूंना मधला रस्ता सुचवला. बाजारात एक कुलूप मिळतं, आतून लागतं, पण अडचण आली तर बाहेरून उघडता येतं. बहुतेक घरांत मी तेच बसवून घेतलंय.

काकूंनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाहेरून उघडते ती कसली कडी?"

शेवटी आमचं असं ठरलं की आधी शिकायचं, कडीचं मग बघू. अंघोळीआधी साखर तपासायची, काहीतरी खायचं, आणि घरात कोणी नसताना आत पाऊल टाकायचं नाही. काकूंनी सगळं कबूल केलं. कडीसाठी त्या काहीही कबूल करायला तयार होत्या.

पहिले काही दिवस आम्ही कोरड्या न्हाणीघरात, अंगावरच्या कपड्यांनिशीच शिकलो. उंबऱ्याशी थांबायचं. डाव्या भिंतीला हाताची पालथी बाजू लावून पुढे जायचं. स्टूल पायाला लागलं की आधी हाताने चाचपायचं, मगच बसायचं. बादली दोन्ही पायांच्या मध्ये. आधी गार पाणी, मग गरम, आणि मनगटाने बघायचं. काकूंच्या बोटांना साखरेमुळे बधिरपणा आला होता, त्यांच्यावर विसंबता येत नव्हतं. साबण जुन्या मोज्यात घालून नळाला बांधला, म्हणजे तो निसटणार नाही आणि त्याला शोधायला वाकावंही लागणार नाही. खिडकीखालचा कोनाडा फक्त काकूंचा. शाम्पूला काही नाही, खोबरेल तेलाच्या बाटलीला रबरबँड, हाताला ओळखू यावी म्हणून.

कोरड्यात सगळं झकास जमलं. मी नळ सोडला तशी काकू स्टुलावरून ताडकन उठल्या आणि भिंतीला चिकटल्या. बादलीत पाणी पडण्याचा तो आवाज. पडण्याआधी त्यांनी शेवटचा तोच ऐकला होता.

"बंद करा. बाई, बंद करा आधी."

मी बंद केला. त्या दिवशी आम्ही पुढे काहीच केलं नाही, दोघी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. पुढच्या वेळी मी नळ इतकाच सोडला की थेंब पडावेत. त्यानंतर बारीक धार. पावसाळा सरला, नवरात्र झालं, तेव्हा कुठे काकू भरल्या बादलीशी बसून अंगावर तांब्या ओतून घेऊ लागल्या. पुढे एक दिवस दार लोटून घेतलं. श्वेता बाहेर उभी आणि काकू आतून ठणकावतायत, "तू जा गं, डबा भर. मी काय पळून जातेय?" श्वेता हसली आणि मग ओट्याशी जाऊन रडली. तिचंही ओझं उतरत होतं, ते कोणी तिला विचारलंच नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर काकूंनी नितीनला सांगितलं, "मला साडी नको, काही नको. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान मी माझं करणार, आणि आतून कडी लावून करणार." सणासुदीला आईने एवढं एकच मागितल्यावर तो तरी काय बोलणार! त्याने कडी आणली. ती बसवताना त्याचा स्क्रूड्रायव्हर सारखा घसरत होता. मी म्हटलं, एकदम सणाच्या पहाटे नको, आधीच्या रविवारी दुपारी मी येते, तेव्हा एकदा करून बघू. तेलासकट.

रविवारी घरात पाय ठेवला तर फिनाईलचा घमघमाट. साफसफाई उरकलेली, माळ्यावरची भांडी खाली, पंखे पुसलेले, न्हाणीघराच्या टाइल्स नव्यासारख्या. श्वेता घामाघूम, पण खुशीत होती. काकूंची साखर तपासली, ठीक होती. त्यांनी एक केळं खाल्लं. गाऊन, टॉवेल, परकर खांद्यावर घेऊन त्या भिंतीच्या कडेने चालत आत गेल्या. दार लागलं. आणि मग तो आवाज आला, कडी सरकल्याचा.

नितीन दाराला लागूनच उभा होता. त्याचा उजवा हात पाठीमागे होता. मी वाकून बघितलं तर हातात हातोडी.

"अहो, ठेवा ती," मी कुजबुजले.

"असू दे मॅडम," तो म्हणाला. नजर दारावरून हलली नाही.

आतून गार पाणी पडल्याचा आवाज आला, मग गरम. नळ बंद झाला. स्टूल सरकलं. आम्ही तिघं तिथे उभे, कोणी जन्माला येणार असल्यासारखे. मग आत सगळं शांत झालं. तेल लावत असतील, मी मनात म्हटलं.

आणि एकदम काकूंचा आवाज आला. किंकाळी नव्हे. "अगंऽ आई" इतकंच, दाबलेलं. लगेच नळ धो धो सुरू.

"आई?" नितीनने हाक मारली.

उत्तर नाही. नुसतं पाणी.

"आई! काय झालं? कडी काढ!"

पाणीच. नितीनने हातोडी उचलली. श्वेता माझ्या खांद्याला धरून "देवा, देवा" करत होती आणि तेवढ्यात तिचा हात माझ्या खांद्यावरून गळून पडला. ती न्हाणीघराच्या दाराकडे बघत होती.

"ॲसिड," ती म्हणाली. "ॲसिड आत राहिलं."

टाइल्स घासायला तिने सकाळी खालच्या हातगाडीवाल्याकडून ॲसिड घेतलं होतं. तो ते सुटं देतो, बाटली आपली न्यायची. श्वेताने घरातली चांगली धुतलेली रिकामी बाटली नेली. आपल्याकडे चांगली बाटली टाकवते का कोणाला? खोबरेल तेलाची, काकूंचीच, आदल्या महिन्यात संपलेली. तिच्यावरचा रबरबँड तसाच होता. घासून झाल्यावर उरलेलं ॲसिड तिने क्षणभर म्हणून कोनाड्यात ठेवलं, दाराची बेल वाजली, आणि ती विसरली.

सबंध घराला फिनाईलचा वास, आत वासावरून काय कळणार होतं? बोटं बधिर. आणि तेल कुठे लावतात? डोक्याला. डोक्यावरून ते कुठे ओघळतं?

"तोडा," मी म्हणाले. "नितीन, तोडा दार."

त्याने हातोडी घातली. फळीचा टवका उडाला. दुसरा घाव घालणार तोच आतून आवाज आला, पाण्याच्या वर, खणखणीत.

"नितीन! हात लावू नकोस दाराला!"

तो तसाच हातोडी उगारलेला थांबला.

"हातावर पडलंय. नुसतं हातावर. पाण्याखाली धरलाय."

"आई, कडी काढ आधी! मी बघतो, मी—"

"नाही बघायचंस!" काकू ओरडल्या. त्यांचा आवाज आता फुटला होता. "एकदा बघितलंस तेवढं पुरे. तू तेव्हापासून माझ्याकडे तोंड करून बोलला नाहीस, नितीन. मी गाऊन घालणार, मग कडी काढणार. तोवर उभा राहा."

नितीनने हातोडी खाली ठेवली. तो दाराला पाठ लावून जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. आतलं पाणी चालूच होतं. मधे टॉवेल झटकल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, काकू "थांबा, थांबा" म्हणाल्या. एका हाताने ओल्या अंगावर गाऊन चढवायला किती वेळ लागतो, ते तुम्ही कधी करून बघा. मला तो वेळ अजून संपल्यासारखा वाटत नाही. डोळ्यांत गेलं असलं तर? घाबरवू नये म्हणून खोटं सांगत असल्या तर? मी देवाला नाही नाही ते कबूल केलं.

कडी सरकली. काकू दारात उभ्या. गाऊनची बटणं खालीवर लागलेली, केस कोरडे, चेहरा स्वच्छ. डावा हात पुढे धरलेला, तळवा लालभडक, मधे कातडी पांढरी पडत चाललेली.

"तेल असं पळत नाही," त्या म्हणाल्या. "हातावर घेतलं तर बोटांतून पाण्यासारखं पळालं. म्हटलं, हे आपलं नव्हे." आणि मग त्यांचा तोल गेला. नितीनने त्यांना धरलं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. "आई, आई," एवढंच म्हणत होता. काकूंनी चांगला हात वर करून त्याचा गाल चाचपला. त्याचा आवाज आता समोरून येत होता.

खालच्या डॉक्टरांनी हात बांधून दिला. म्हणाले, लगेच पाण्याखाली धरलात म्हणून थोडक्यात निभावलं. डोक्यावर गेलं असतं तर काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. घरी आल्यावर श्वेताने कोनाडा रिकामा केला, बाटल्या, डबे, सगळं कचऱ्याच्या पिशवीत भरलं, आणि म्हणाली, "आई, मी तुम्हाला आंधळं—" आंधळ्या बाईला असं काय सांगणार ती? काकू म्हणाल्या, "जेवायला वाढ. मला भूक लागलीय." पण त्या जेवल्या नाहीत.

जिन्यात नितीनने मला विचारलं, "कडी काढू का, मॅडम?"

एवढी वर्षं लोकांना 'भिऊ नका' सांगत हिंडलेली मी, पण त्या क्षणी माझ्या ओठांवर आलं होतं, काढा, आणि काकूंना घाला म्हणावं अंघोळ, घासा आणि पालथं घाला, पण जिवंत ठेवा. मी म्हटलं, "आईंना विचारा," आणि घरी आले.

नरकचतुर्दशीला आमच्या घरीही पहाटे पाणी तापलं होतं. यजमानांना उटणं लावताना माझं सगळं लक्ष फोनकडे. त्या आत गेल्या असतील का? एका हाताने? दुसरा बांधलेला! कडी असेल की भोकं? फटाके वाजायला लागले आणि प्रत्येक आवाजाला मी दचकत होते. यजमान म्हणाले, "अगं, पाठ सोलून काढशील माझी."

उजाडल्यावर फोन वाजला. श्वेताचा होता.

"काय झालं गं? बोल ना!" मी अक्षरशः ओरडले.

"काही नाही, मॅडम. झाली अंघोळ. आईंनी कडी लावली आतून. मी बाहेरच उभी होते. मला वाटलं, आता मला त्या कधीच हात लावू देणार नाहीत. आणि मग कडी सरकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, गेलं, काहीतरी झालं पुन्हा. तर दार एवढंसं उघडलं. आतून म्हणाल्या, 'श्वेता, उटणं घे नि ये आत. स्वतःच्या पाठीला हात तुझाही पोचत नाही नि माझाही नाही.'"